रेडिएटरची कुळकथा : मानहाइम ते लालबाग

अनंत चतुर्दशीला लालबागहून निघालेला गणपती भायखळा, नागपाडा, दोन टाकी, सी. पी. टँक, ऑपेरा हाऊस असं करत गिरगाव चौपाटीला पोहोचेपर्यंत अनेकदा दुसरा दिवस उजाडतो. अंतर दहा किलोमीटरही नाही. लहान मंडळांच्या मूर्ती ज्या टेम्पोवर असतात, त्याच्या इंजिनाला मात्र ही वाट घाट चढण्याइतकी जड जाते. ढोलांचा गजर चालू असतो, ड्रायव्हरचं लक्ष टेंपरेचरच्या काट्यावर असतं.

पेट्रोल जळून जेवढी उष्णता तयार होते, तिचा एक-तृतीयांशाहूनही कमी भाग चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची धुरातून आणि इंजिनभोवती खेळणाऱ्या पाण्यातून बाहेर काढावी लागते. कार्ल बेंझनं मानहाइम इथे बनवलेल्या आणि १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकीत हे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेत पुन्हापुन्हा भरावं लागे. विल्हेल्म मायबाखनं १९०१च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये यावर उत्तर शोधलं. ८,०७० बारीक चौकोनी नळ्या जोडून त्यानं मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी केली. नळ्यांमधून वारा जाई, त्यांच्यामधल्या फटींतून पाणी फिरे. थोडं पाणीही पुरू लागलं. गाडी हळू चालताना वारा कमी पडतो, हे ओळखून त्यानं जाळीमागे पंखाही बसवला. आजच्या टेम्पोतला रेडिएटर याच कुळातला.

मुंबईत हे तंत्र लवकर रुळलं. परळच्या शेजारी शिवडीला जनरल मोटर्सनं १९२८ साली जुळणीचा कारखाना उघडला. गिरणगावाच्या कुशीत शेवरलेट गाड्या आणि ट्रक तयार होऊ लागले. पुढे १९५८मध्ये बजाज टेम्पोनं हॅम्बुर्गच्या कंपनीच्या परवान्यावर गोरेगावात तीनचाकी ‘हॅन्सिएट’ काढली. टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, तेही पुढच्या चाकापाशी. दादरच्या भाजीबाजारापासून गिरगावच्या वाड्यांपर्यंत माल पोहोचवणारी छोटी गाडी म्हणजे टेम्पो, हे तेव्हापासून ठरून गेलं. २००५मध्ये डिझेलवरचा टाटा एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’ आला. त्याच्या पेट्रोल आणि सीएनजी आवृत्त्या पुढे आल्या. सीएनजीचं इंजिनही ठिणगीवरच चालतं, म्हणजे घराणं पेट्रोलचंच.

मिरवणुकीत डिझेलपेक्षा पेट्रोलची गाडी लवकर का तापते, याचं कारण जळण्याच्या रीतीत आहे. डिझेल इंजिन रिकामं फिरताना भरपूर जादा हवा ओढतं, इंधन अगदी थोडं घेतं, म्हणून थंड राहतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं, त्यामुळे उभ्या गाडीतही जळण गरमच होतं. त्यात पुढून वारा नाही, हाफ क्लचवर रेटणं, जाळीसमोर बांधलेलं फ्लेक्स नाहीतर तोरण, आणि चोहीकडून गर्दीची ऊब. सगळा भार एकट्या पंख्यावर पडतो. त्याचा फ्यूज उडाला किंवा जाळी क्षारांनी चोक झाली, की पाणी उकळतं, आणि गाडी तशीच रेटली तर हेड गॅस्केट उडतं.

रेडिएटरचं झाकण पाण्याला दाबाखाली धरतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनावर तेच झाकण उघडलं, की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. हात, चेहरे भाजतात ते याच घाईनं.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि टेम्पोवाल्यांना कळकळीची विनंती : विसर्जनाच्या आदल्या दिवशी कूलंटची पातळी, होज, बेल्ट आणि पंखा मेकॅनिककडून तपासून घ्या. नळाचं पाणी न भरता कूलंटच भरा. सजावट करताना जाळीसमोरची जागा मोकळी ठेवा. काटा वर चढला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. मिरवणूक थोडी थांबली तरी चालेल.