इन-पाथ नियम

दूरच्या दोन कार्यालयांमधली कोणती टीसीपी जोडणी वेगवान करायची, कोणती हात न लावता सोडायची आणि कोणती अडवायची, हे वॅन-प्रवेगक उपकरणाला सांगणारी यादी. हे नाव रिव्हरबेड कंपनीच्या स्टीलहेड उपकरणांतले. जेरी केनेली आणि स्टीव्ह मॅकॅन यांनी ही कंपनी २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोत काढली.

असे उपकरण लागते ते अंतरामुळे. समजा, पनवेलजवळच्या करंजाडे या सिडको वसाहतीत न्हावाशेवा बंदरातल्या मालाची कागदपत्रे करणारे कार्यालय आहे आणि त्याचा सर्व्हर न्यूयॉर्कला. पॅकेट जाऊन पोच परत यायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. एका खेपेत ६४ केबीच पाठवता येत असतील, तर लीज लाइन १०० एमबीपीएसची असूनही त्या जोडणीला जेमतेम २.६ एमबीपीएस मिळतात. पैसे ओतून हे सुटत नाही.

नियमाच्या ओळीत स्रोत, गंतव्य, पोर्ट आणि प्रकार भरतात. मुख्य प्रकार पाच. पलीकडचे जोडीदार उपकरण आपोआप शोधणे, ठरलेल्या उपकरणाकडेच जाणे, जसेच्या तसे पुढे सोडणे, गुपचूप टाकून देणे आणि नकार कळवून तोडणे.

सगळी मेख क्रमात आहे. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळणारा नियम लागला की पुढचे पाहिलेच जात नाहीत. कारखान्यातूनच येणारे काही नियम ४४३ सारखी सुरक्षित आणि ३३८९ सारखी संवादी पोर्ट तशीच सोडून देतात. त्यामुळे करंजाड्याच्या कारकुनाचे एचटीटीपीएस पोर्टल वेगवान करायचे, तर त्याचा नियम या ओळींच्या वरच हवा. शिवाय सर्व्हरचे प्रमाणपत्र आणि किल्ली सर्व्हरच्या बाजूच्या उपकरणाला द्यावी लागते. नवख्या माणसाचा दिवस बहुधा इथेच जातो: नियम अगदी बरोबर, पण एक ओळ खाली.

दुसरी अडचण वेळेची. नियम तपासला जातो तो जोडणीच्या पहिल्या, म्हणजे सिन पॅकेटवर. आधीपासून चालू असलेल्या जोडण्या नियम बदलला तरी जुन्याच वाटेने धावत राहतात. त्या तोडून पुन्हा जोडाव्या लागतात. हे काम कारकून घरी गेल्यावर, पण रात्रीचा बॅकअप सुरू होण्याआधी उरकावे.