कादंबरीतील माणसाचा पालट



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, ‘अहो, कादंबरीतली माणसे मुळात खोटी. त्यांच्यात पालट झाला काय आणि न झाला काय, त्याचा इतिहास तो काय सांगणार?’ प्रश्न वरवर रास्त आहे. परंतु खोट्या माणसांनाही इतिहास असतो. कोणते दुःख सांगण्याजोगे आहे, ते कोणाच्या तोंडून सांगावे, आणि त्या दुःखातून गेलेला माणूस पहिल्यासारखाच राहतो की दुसराच कोणी होतो, याविषयीच्या लेखकांच्या आणि वाचकांच्या समजुती काळाप्रमाणे पालटत आल्या आहेत. आपल्या मराठी कादंबरीत हा पालट कसा घडला, एवढेच मी आज एका मुलीच्या कथेच्या आधाराने सांगणार आहे.

‘कादंबरी’ हा शब्दच आपण बाणभट्टाच्या नायिकेकडून उसना घेतला. त्या शब्दाबरोबर संस्कृत साहित्याचा एक संस्कारही आला. नायक धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त किंवा धीरोद्धत. यांपैकी जो असेल तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच. संकटे येतात ती त्याच्या गुणांची कसोटी पाहण्यासाठी. सोने अग्नीतून निघाले तरी सोनेच असते, हा त्यातला भाव. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत विरह आहे, कपटी माणसांची कारस्थाने आहेत, अद्भुत प्रसंगांची तर रेलचेल आहे. नायिकेवर एवढे प्रसंग गुदरतात की आपल्यासारखा माणूस पहिल्याच प्रसंगाला अंथरूण धरील. पण सारे निस्तरल्यावर ती जशी होती तशीच प्रियकराला भेटते. तिची झोप उडालेली नसते, की तिला कशाची धास्ती बसलेली नसते.

रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत याचे कारण मोठ्या प्रामाणिकपणे दिले आहे. आमच्या लोकांच्या नेहमीच्या आयुष्यात, त्यांच्या लहानपणी लागणाऱ्या लग्नांत आणि रोजच्या वागणुकीत, गोष्ट करण्याजोगे काही सापडत नाही, असा त्यांचा आशय होता. श्रोतेहो, हे लिहिले गेले तेव्हा घरोघरी आठदहा वर्षांच्या मुली सासरी जात होत्या आणि त्यांतल्या कित्येक नवऱ्याचा चेहरा ओळखीचा होण्यापूर्वीच विधवा होत होत्या. गोष्ट माजघरात बसली होती. तिच्याकडे गोष्ट म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र अजून आली नव्हती.

एक अपवाद आधीच होऊन गेला होता. विधवापुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला आणि पुढल्याच वर्षी, १८५७ साली, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ बाहेर पडले. त्यातली यमुना पतीबरोबर गावोगाव फिरते, विधवांच्या हकिकती ऐकते, आणि पुढे स्वतःच विधवा होते. ही यमुना पालटते खरी. पण तिने कोठे पोचायचे हे लेखकाने आधी ठरवून ठेवले आहे. ग्रंथ ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी लिहिलेला, तेव्हा तिची वाट त्या दाराशी जाणार हे उघड होते. तरीही दुसऱ्यांचे दुःख ऐकणारी बाई स्वतः त्या दुःखात सापडते, ही कल्पना मराठीत प्रथम तेथे आली, याचे श्रेय पदमनजींना दिलेच पाहिजे.

आता १८९० सालाकडे येऊ. त्या साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. आपट्यांचे वय तेव्हा सव्वीस. काळ कोणता होता तो ध्यानात घ्या. रखमाबाईंचा खटला नुकताच संपला होता. आगरकरांचा ‘सुधारक’ निघून दोन वर्षे झाली होती. पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आले होते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिक बंधूंना एकत्र करून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार त्यांच्याकडून घडवला तो याच साली. आणि १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला. दहाची मर्यादा बारावर नेणाऱ्या त्या दोन वर्षांपायी पुण्यातल्या सभा उधळल्या गेल्या. बाहेर सभांमधून मुलींच्या वयाचा हिशोब चालला होता, आणि आत, ‘करमणुकी’च्या अंकात, त्यांच्यापैकीच एक मुलगी आपली हकिकत सांगू लागली होती.

ती मुलगी यमू. तिची कथा तिनेच सांगायची, ही आपट्यांची सर्वांत मोठी युक्ती. त्यामुळे कादंबरीत दोन यमू एकाच वेळी वावरतात. एक, प्रसंग भोगणारी आणि त्याचा अर्थ न कळणारी पोर. दुसरी, सारे भोगून झाल्यावर तेच आठवून लिहिणारी बाई. ‘मी पालटले’ असे तिला कोठेही सांगावे लागत नाही. भोगणारी आणि लिहिणारी यांच्यातले अंतर हाच तो पालट, आणि तो वाचकाने आपला आपण मोजायचा.

या पालटाची पहिली पायरी भयाची. माहेरी वडिलांचा धाक, सासरी वडीलधाऱ्यांचा. हे भय एकदम अंगावर येणारे नाही. घरातल्या धुरासारखे ते सदाचेच असते, आणि म्हणूनच पोर त्याला भय म्हणत नाही, रीत म्हणते. आईकडे पाहून ती गप्प बसायला शिकते. येथे साप्ताहिकाचा फार उपयोग झाला. ‘मंजुघोषे’तले संकट चार पानांत येऊन जाई. यमूचे भय वाचकांच्या घरात आठवड्यामागून आठवडा येत राहिले, आणि स्वभाव घडतो तोही असाच, थोडा थोडा.

दुसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे. यमूचा नवरा रघुनाथ भला माणूस निघतो. तो तिला वाचायला शिकवतो, मुंबईला आपल्याजवळ नेतो, आणि तेथे त्या दोघांचा मोकळा संसार सुरू होतो. आता तिचे भय सरेल असे आपल्याला वाटते. पण ज्याच्यापाशी काही नाही त्याला गमावण्याची भीती कसली? यमूला प्रथमच गमावण्याजोगे काही मिळाले आहे. सुखाच्या त्या पानांवर वाचकाचा जीव खालीवर होतो तो याचमुळे.

आणि मग रघुनाथ जातो. विधवा झालेली यमू पुन्हा जुन्या घराच्या, शंकरमामंजींसारख्या ढोंगी माणसांच्या ताब्यात येते आणि तिचे केशवपन जबरीने केले जाते. दुःखाने माणूस उजळतो, असे आपण सहज म्हणून जातो. आपट्यांनी असे खोटे समाधान दिलेले नाही. यमूला या दुःखाने कोणतेही बक्षीस मिळत नाही. तिची प्रकृती खचते, तिचे जग संपते. तिच्यात उरते ते एकच सामर्थ्य, जे रघुनाथाने दिलेल्या अक्षरांतून आले: जे झाले ते लिहून ठेवायचे. भयाने जी गप्प बसायला शिकली ती अखेरीस बोलते. म्हणून मला वाटते की यमूला पालटवले ते एकट्या दुःखाने नव्हे. दुःखाआधी तिला कोणीतरी माणूस म्हणून वागवले होते. ती आठवण नसती तर तेच दुःख तिला इतर असंख्य मुलींसारखे मुके करून गेले असते.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. यमूचे दुःख साऱ्या महाराष्ट्राचे नव्हते. केशवपनाची चाल ब्राह्मणांत आणि काही वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींत होती; इतर कित्येक जातींत पाट लावण्याची रीत चालत होती. तेथल्या बायकांचे हाल वेगळे, आणि ते कादंबरीत यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. १९५० साली विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ आली, १९५९ साली अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ आला, तेव्हा भूक आणि सरकारी दडपशाही माणसाचे काय करते हे मराठी वाचकाला दिसू लागले.

‘पण लक्षात कोण घेतो?’ पुस्तकरूपाने १८९३ साली निघाली. त्याच साली शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. हा योगायोग मी मुद्दाम सांगतो, कारण त्यातूनच माझ्या खऱ्या प्रश्नाला सुरुवात होते. तो प्रश्न माझा नाही. आमच्या मावशीआजीचा आहे.

मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी तिला वैधव्य आले. मी तिला पाहिले ते आलवणात आणि डोक्यावरून पदर ओढलेल्या स्थितीतच. तिचे डोळे अधू झाल्यावर दुपारी तिला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा अकराबारा वर्षांचा. एका उन्हाळ्यात आम्ही ही कादंबरी वाचली. केशवपनाच्या प्रकरणाला मी अडखळलो, तर ती म्हणाली, ‘वाच, वाच. मला काय नवीन आहे ते?’ पुस्तक संपले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तिचे कोरडे होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘यमू मेली, सुटली बिचारी. मेलेल्यांचं पुस्तक होतं रे. मी साठ वर्षं जगले, त्याचं काय करायचं?’ आणि उठून ती निवडायचे तांदूळ घेऊन बसली.

श्रोतेहो, या वाक्याचे उत्तर मी आजवर शोधतो आहे. आपल्या कादंबरीने दुःखाने मोडणारी स्त्री उत्तम रंगवली. दुःखानंतर जगणारी स्त्री रंगवताना तिचा हात बराच काळ कापत राहिला. वामन मल्हारांच्या ‘सुशीलेचा देव’मध्ये, १९३० साली, अनुभव येतील तशी सुशीलेची देवाविषयीची कल्पना पालटत जाते; ही वाढ जगून झालेली आहे. १९३४ सालच्या ‘हिंदोळ्यावर’मधली परित्यक्ता अचला अशा काळात उभी आहे की हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाच नाही, मुंबई प्रांतात तो १९४७ साली झाला. श्री. ना. पेंडशांच्या १९६२ सालच्या ‘रथचक्र’मध्ये नवऱ्याने सोडलेली थोरली सून मुलाच्या शिक्षणासाठी साऱ्या घराशी झुंजते. कष्टांनी ती कणखर होते, आणि त्याच कष्टांनी कठोरही होते. हे दोन्ही एकत्र दाखवणे ही पेंडशांची मोठी कमाई. तिचाही शेवट मात्र शोकान्तच आहे.

मावशीआजीला हवे होते ते पुस्तक कादंबरीच्या कपाटात नव्हते. ते शेजारच्या कपाटात होते. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या. त्यांचेही केशवपन झाले. त्या कर्व्यांच्या संस्थेत आल्या, शिकल्या, आणि संस्थेसाठी गावोगाव निधी मागत फिरल्या. पुढे त्यांनी विचारपूर्वक केस राखले. १९१८ साली, जवळजवळ पन्नाशीला आल्यावर, त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून इंग्रजी शिकल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली निघाले. यमूच्या पिढीतलीच ही बाई. भय तेच, हानी तीच, वस्तराही तोच. फरक एवढाच की तिच्या वाटेवर एक दार उघडे होते. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा ते दार उघडले. आणि ते उघडे ठेवायला लागणाऱ्या लोकमतात ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचून रडलेल्या घरांचाही वाटा असणार, असे मी मानतो.

म्हणून माझ्या स्नेह्यांना माझे उत्तर असे. कादंबरीतली माणसे खोटी असतील, पण त्यांच्या दुःखाने आपल्यावर पडणारे काम खोटे नाही. दुःख आपण होऊन कोणाला थोर करीत नाही. ते कोणाला मुके करते, कोणाला कठोर करते, कोणाला बोलते करते. यांपैकी काय घडेल हे पुष्कळदा त्या माणसाच्या आसपासची माणसे ठरवतात. आपट्यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच एक प्रश्न ठेवला. तो यमूला विचारलेला नव्हता.

मी ‘माझी कहाणी’ वाचली तेव्हा मावशीआजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. ती पोथी तिला वाचून दाखवायची राहून गेली, एवढी रुखरुख मला अजून आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दुपारी ऐकणारे कोणी असेल, त्यांनी ती राहू देऊ नये, इतकेच सांगून आपली रजा घेतो.