सप्ताहातील सहभाग : एक विवेचन

प्रयोगकलेतला सहभाग टाळ्यांवरून किंवा मंचावर बोलावलेल्या प्रेक्षकांवरून ठरत नाही. एखाद्याने आपला वाटा सोडला तर प्रयोग अडतो का, ही खरी कसोटी. अहिल्यानगर जिल्ह्यातला अखंड हरिनाम सप्ताह या कसोटीवर तपासून पाहावा.

सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा मूळ नियम. एका विणेकऱ्याचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. रात्री २ ते ४ च्या पहाऱ्याला ऐकणारे फारसे कोणी नसते, तरी तो चुकवता येत नाही. म्हणूनच पहाऱ्यांची यादी ही माझ्या मते या प्रयोगाची संहिता, आणि ती गाव लिहिते. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्रीचे कीर्तन, शेवटी काला हा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच.

कीर्तनात ही वाटणी सूक्ष्म होते. नारदीय कीर्तनाचा भार मुख्यतः एकट्या बुवांवर असतो. वारकरी कीर्तनात महाराजांच्या मागे टाळकरी उभे असतात. महाराजांनी प्रमाणाचा चरण सुरू केला की तो उचलून पुढे नेणे त्यांचे काम. त्यासाठी अभंग पाठ हवेत. हा सहभाग आयत्या वेळी मिळत नाही, वर्षानुवर्षांच्या हरिपाठातून तयार होतो.

फ्रेंच समीक्षक निकोला बुरिओ यांनी १९९८ मध्ये माणसांमाणसांतले संबंध हेच कलेचे द्रव्य मानले. त्या कलेत आमंत्रण बहुधा कलावंताचे असते. सप्ताहात ते गावाचे, महाराज पाहुणे. लात्वियात १८७३ पासून चालत आलेल्या गीतमहोत्सवात हजारो कंठ एकत्र येतात, पण समोर संचालक असतो. विणेकऱ्यासमोर कोणी नसतो.

भगवानगडाचा नारळी सप्ताह आणि सरला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह दरवर्षी गाव बदलतात. सरला बेटाच्या सप्ताहात आमटी मंडपाजवळ शिजते, भाकरी मात्र आसपासच्या गावांतल्या घराघरांतून येते. या भाकरीवाचून पंगत बसत नाही, म्हणजे कसोटीनुसार ती थापणारी बाई पूर्ण सहभागी ठरते. पण वीणा बहुतेक गावांत पुरुषांच्याच गळ्यात असते आणि पहाऱ्याच्या यादीत तिचे नाव क्वचितच सापडते. अडवण्याची ताकद आणि नोंद होण्याचा हक्क या दोन गोष्टी इथे वेगळ्या पडतात. सहभागाच्या कोणत्याही सिद्धांताला त्या दोन्ही स्वतंत्रपणे मोजाव्या लागतील.