आयत्या वेळचं मीठ

मराठी पानात कोशिंबिरीची जागा ठरलेली असते. वर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग डाव्या हाताला चटणी आणि कोशिंबीर. भाज्या उजवीकडे. डाव्या बाजूचं थोडं वाढायचं आणि थोडंच खायचं. पोट भरतं ते भात, पोळी आणि उजव्या बाजूने.

इतिहासातही कोशिंबिरीला अशीच डावीकडची जागा मिळाली आहे. बिर्याणीच्या मागे दरबार आहे. श्रीखंडाला संस्कृत ग्रंथांतली शिखरिणी ही पूर्वज मिळते. पण काकडी चिरून तिच्यात दही पहिल्यांदा कुणी घातलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लिहिण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नसणार. म्हणून हा इतिहास पोथ्यांपेक्षा वाटीतच शोधावा लागतो. एकेक जिन्नस बाहेर काढायचा आणि तो कुठून आला ते बघायचं.

काकडी

काकडी इथलीच. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण आजही उगवते. फळ छोटं आणि इतकं कडू, की तोंडात धरवत नाही. हा कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना कुकुर्बिटासिन म्हणतात. खाणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवायची ही वेलीची युक्ती. २०१४ साली शास्त्रज्ञांनी हा कडूपणा चालू-बंद करणारी जनुकं शोधून काढली. माणसाने पिढ्यान् पिढ्या कमी कडू फळांचं बी राखून ठेवलं, तेव्हा निवड नेमकी याच जनुकांवर पडत होती. म्हणजे कोशिंबिरीची पहिली पायरी विळीवर झाली नाही, ती कुठल्यातरी परसात बी निवडताना झाली.

तो कडूपणा पूर्ण गेलेला नाही. म्हणून आपण काकडीचा देठाकडचा तुकडा कापतो, कापलेल्या जागी घासतो आणि फेस काढतो. त्यातलं घासणं हा बराचसा रिवाज. कडू द्रव्यं देठाकडे आणि सालीलगत जास्त असतात, त्यामुळे खरं काम होतं ते तुकडा कापून टाकल्याने.

नावांचा प्रवास याहून गमतीचा आहे. संस्कृतात काकडीला 'त्रपुस' म्हणत. त्यावरून आला तो 'तवसं' हा शब्द, जो कोकणात आणि गोव्यात अजून जिवंत आहे. घाटावर आपण म्हणतो ती 'काकडी' आली 'कर्कटी'वरून. हिंदीत 'ककड़ी' म्हणजे लांब, वाकडी, खरबुजाच्या जातीची वेगळीच भाजी, आणि आपल्या काकडीला ते 'खीरा' म्हणतात. एकाच बाजारातल्या दोन फळांची नावं अशी एकमेकांत सरकली आहेत.

हीच सरमिसळ जुन्या ग्रंथांच्या भाषांतरांत होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मृत्युंजय मंत्रात 'उर्वारुक' आहे. मराठी पुस्तिकांत त्याचा अर्थ सर्रास 'काकडी' दिलेला असतो. पण तिथली उपमा पिकल्यावर देठापासून आपोआप सुटणाऱ्या फळाची आहे, आणि तशी सुटतात ती खरबुजाच्या जातीतली काही फळं. रोमचा सम्राट तिबेरियस याला रोज लागणारी 'काकडी'सुद्धा बहुधा खरबुजाचीच एक जात होती, असं वनस्पतींच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात. खरी काकडी युरोपात रुजली ती मध्ययुगात, भारताकडून पश्चिमेला जात जात. वाटेतल्या इराणात 'मास्त-ओ-खियार' आहे, तुर्कस्तानात 'जाजिक', ग्रीसमध्ये 'त्झात्झिकी'. सगळीकडे तीच जोडी : काकडी आणि दही.

शब्द

कोशिंबीर आणि कोथिंबीर हे शब्द इतके सारखे का? 'कोथिंबीर' मागे जाते संस्कृतातल्या धन्याच्या नावाकडे, 'कुस्तुंबुरु'कडे. आता कानडीत बघा. तिथे धने-कोथिंबिरीला 'कोत्तंबरी' म्हणतात आणि कच्च्या कोशिंबिरीला 'कोसंबरी'. दोन्ही भाषांत तीच जोडी, तसाच उच्चार. तामिळमध्ये त्याचंच 'कोसुमल्ली' झालं आहे. म्हणजे हा पदार्थ एका प्रांताचा नाही, सबंध दख्खनचा आणि त्याच्या दक्षिणेचा आहे.

रामनवमीला कर्नाटकात पानकाबरोबर कोसंबरी वाटतात. तिच्यात भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं आणि वर मोहरीची फोडणी. दही नाही. आपल्याकडे खमंग काकडीतही अनेक घरांत दह्याऐवजी लिंबू पिळतात. त्यामुळे दही हा कोशिंबिरीचा प्राण नव्हे, ती तिची एक शाखा आहे. केरळमध्ये ओणमच्या पानावर काकडीची 'किचडी' असते, तिच्यात दह्याबरोबर वाटलेली मोहरी जाते. 'रायतं' हे नावही राईवरूनच आलेलं.

दही

आपण म्हणतो, दह्यातली काकडी थंड. आयुर्वेदाला विचारलं तर तो काकडीला होकार देईल आणि दह्यावर अडखळेल. आयुर्वेदात दही उष्ण मानलं आहे. चरकसंहिता रात्री दही खायला मना करते. शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत ते सहसा टाळायला सांगते. म्हणजे आपण ज्या उन्हाळ्यात दही शोधतो, नेमका तोच. खायचंच असेल तर तूप, साखर, मुगाचं वरण, मध किंवा आवळा यांपैकी काहीतरी सोबत हवं, असंही तिथे म्हटलं आहे. आता आपली कोशिंबीर आठवा : चिमूटभर साखर, वरून तुपाची फोडणी. कोसंबरीत मूग. थेट नातं जोडायची घाई नको, पण ही जुळणी बघून ठेवावी.

मग थंड लागतं ते काय? काकडीत साधारण ९५ टक्के पाणी असतं. दह्यातली केसीन नावाची प्रथिनं मिरचीचा तिखटपणा धरून ठेवतात, त्यामुळे जिभेची आग शमते. आणि फ्रिज येण्याआधी दही लागायचं मातीच्या गाडग्यात. त्याच्या छिद्रांतून पाणी पाझरून वाऱ्याने उडतं, त्यामुळे दही घट्टही होतं आणि गारही राहतं. वैद्याचं 'थंड' आणि जिभेचं 'थंड' हे दोन वेगळे शब्द आहेत, लिहायला तेवढे सारखे.

ही जोडी फक्त उन्हाळ्याची, असंही नाही. आपल्याकडे काकडीचे वेल पावसाळ्यात मांडवावर चढतात. गोपाळकाल्यात पोहे, लाह्या आणि दह्याबरोबर काकडी असते ती त्यामुळेच. देवाच्या निमित्ताने, पण ऋतूच्या हिशेबाने.

मिरची आणि कूट

हिरवी मिरची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. पोर्तुगीज भारतात आले १४९८ साली, त्यानंतर ती इथे पोहोचली. त्याआधीच्या कोशिंबिरीला तिखटपणा द्यायला आलं होतं, मिरी होती आणि मोहरी होती. मोहरी थोड्या पाण्यात घालून वाटत राहिलं की तिच्यातली द्रव्यं एकत्र येऊन नाकात जाणारा झणका तयार होतो. याला 'मोहरी फेसणं' म्हणतात. फेसलेल्या मोहरीचं रायतं म्हणजे मिरचीच्या आधीच्या चवीची आठवण.

दाण्याचा कूट तर त्याहून नवा. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दख्खनच्या कोरडवाहू रानांत तो मोठ्या प्रमाणावर पसरला तो गेल्या दीडशे वर्षांत. तरीही आज कूट नसेल तर ती कोशिंबीर अनेकांना आपली वाटत नाही. आणि गंमत अशी, की उपासाच्या काकडीत मिरची चालते, शेंगदाणा चालतो, पण शतकानुशतकं इथल्या स्वयंपाकात असलेली मोहरी आणि हळद चालत नाही. परकं काय आणि आपलं काय, हे ठरवताना उपासाच्या ताटाने फार जुने कागद तपासले नव्हते.

मीठ

आता शेवटचा जिन्नस. मराठीत स्वयंपाकाची छापील पुस्तकं आली ती एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' आलं आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. पुस्तकांनी वाट्या आणि चमचे ठरवून दिले. पण काकडीच्या कोशिंबिरीत सगळ्यात अवघड गोष्ट माप नाही, ती वेळ आहे. घरोघरी ती एकाच वाक्यात सांगितली जाते : मीठ आयत्या वेळी घाल.

कारण साधं आहे. मीठ लागलं की काकडीच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटांत दही पातळ होतं, काकडी लिबलिबीत होते आणि वाटीत तळाला पाणी साचतं.

आयती वेळ, पण कुणाची? पंगतीच्या घरांत पहिली पंगत पुरुषांची आणि पाहुण्यांची, मग मुलांची, शेवटी बायकांची. पाटावर माणसं बसली की आत लगबगीने काकडीत मीठ पडायचं आणि पहिल्या पंगतीला कोशिंबीर कुरकुरीत मिळायची. जिने काकडी चोचवली, म्हणजे हातात धरून उभे-आडवे घाव घालत बारीक केली, जिने आदल्या रात्री विरजण लावलं, ती तासा-दोन तासांनी जेवायला बसेपर्यंत भांड्यात उरायचं ते पाणी. चवीचा नियम बरोबर होता. घड्याळ मात्र पहिल्या पंगतीचं होतं.

हे कुठल्या पुस्तकात आलं नाही, कारण पुस्तकात कृती 'वाढावी' या शब्दापाशी संपते. वाढणारीने काय खाल्लं, हे त्याच्या पुढचं.

म्हणून कृती थोडी वेगळी लिहायला हरकत नाही. दोन काकड्यांचे देठ कापून चाखून बघा. सोला, चोचवा. वाटीभर घट्ट दही, चिमूटभर साखर, दोन चमचे कूट आणि कोथिंबीर वेगळं कालवून ठेवा. तुपात जिरं आणि मिरची तडतडवून गार होऊ द्या. काकडी दह्यात घालू नका, मीठही नको. घरातलं शेवटचं माणूस हात धुऊन बसलं की सगळं एकत्र करा. कुणाला उशीर होणार असेल, तर तिच्यापुरती काकडी आणि दही झाकून बाजूला ठेवा. शेजारी मिठाची वाटी.