परमच्या पोटातली चिप

डोंबिवलीतला कुणी ना कुणी मित्र दर दोन-तीन महिन्यांनी विचारतोच, "एएमडी घेऊ की इंटेल?" मी म्हणतो, आधी सांग, चालवणार काय आहेस? मंडळी, हाच प्रश्न पुण्याच्या सी-डॅकपुढेही होता. फक्त आकडे मोठे होते.

सी-डॅक १९८८ साली सुरू झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे प्रगत क्रे संगणक मिळणं कठीण होतं आणि तसा राक्षसी प्रोसेसर स्वतः बनवणं परवडणारं नव्हतं. म्हणून बाजारात मिळणाऱ्या छोट्या चिप्स एकमेकींना जोडायच्या, असं ठरलं. निवड झाली ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरची. ही चिप एकटी काही तोफ नव्हती, पण दशांशी गणिताचं युनिट आतच आणि शेजारच्या चिप्सशी बोलायला चार लिंक्सही आतच! हिशेब सुट्या चिपचा नव्हे, अख्ख्या मशीनचा करायचा असतो, तो इथे केलेला दिसतो. १९९१ साली परम ८००० तयार झाला.

पण इनमॉसची पुढची चिप, टी-९०००, रखडली आणि तोवर वर्कस्टेशनच्या चिप्स पुढे निघून गेल्या. परम ८६०० मध्ये आकडेमोडीला इंटेलची आय-८६० आणावी लागली. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनची अल्ट्रास्पार्क-२ आली : ४०० मेगाहर्ट्झ, कमाल वेग ८०० मेगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ८० कोटी गणितं. २००३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते आणि टॉप ५०० यादीत तो १७१ वा आला.

म्हणजे बघा, साधारण बारा वर्षांत चिपची जात चार वेळा पाहिली. दर वेळी प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा, पुन्हा ट्यून करा. हा खर्च चिपच्या बिलात कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते खरा महाग तोच.

२००३ मध्येच एएमडीने ऑप्टेरॉन काढला. ६४ बिट, तरी जुने ३२ बिटचे प्रोग्रॅमही मजेत चालणार. २००४ मध्ये इंटेललाही झिऑनमध्ये तेच द्यावं लागलं. या चिप्स साध्या वेब सर्व्हरसाठीही ढिगाने खपत, त्यामुळे डिझाइनचा खर्च वाटला जाई. पॉवर-स्पार्कला ही चैन नव्हती. २००७ मध्ये पुण्यातच, टाटांच्या सीआरएलमध्ये, झिऑनवर उभा राहिलेला 'एका' जगात चौथा आला!

कागदावर त्याचा वेग होता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स, चाचणीत मिळाला ११७.९. उरलेला गेला कुठे? फास्ट लोकलचा कमाल वेग एक आणि रोजचा ठाणे-कल्याण प्रवास वेगळा, तसंच. प्रोसेसर एकमेकांच्या उत्तराची वाट बघत सिग्नलला उभे राहतात.

२०२० च्या परम सिद्धी-एआयमध्ये सीपीयू एएमडीचा एपिक. मित्र खूश होईल. पण गणितांचा मुख्य भार एनव्हिडियाच्या ए-१०० वर, म्हणजे त्यासाठी प्रोग्रॅम पुन्हा लिहिणं आलंच.