अल्लाहच्या पाहुण्यांवरचा कर

परका माणूस दिसला की भाव वाढतो, ही रीत जुनीच आहे. हाजींना आम्ही अल्लाहचे पाहुणे म्हणतो. पण तेही यातून सुटले नाहीत.

1183 मध्ये ग्रॅनाडाचा इब्न जुबैर हजला निघाला. त्याच्या प्रवासवर्णनात ही लूट सविस्तर आली आहे. तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरातले नावाडी एकाच खेपेत होडीची किंमत वसूल व्हावी म्हणून हाजींना खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे कोंबत. पूर्वी माणशी साडेसात दिनार कर होता. न देणाऱ्याचा छळ होई. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबीने तो बंद केला व मक्केच्या अमीराला भरपाई म्हणून 2000 दिनार आणि 2000 इरदब गहू लावून दिला. तरीही इब्न जुबैर जिद्द्याला उतरला, तेव्हा अमीराने हाजींना एकमेकांचे जामीन राहायला लावले. सुलतानाकडून भरपाई आली नाही, तर कर हाजींनी भरायचा!

नुसत्या हुकमाने लूट थांबत नाही, हे सुलतानाने ओळखले होते. आम्ही मात्र परदेशात जादा पैसे गेले की चिडतो. ताजमहालाच्या दारात परदेशी पाहुण्याचे तिकीट आमच्याहून कितीतरी पट महाग असते, ते आम्हाला कधी खटकते का?