लोणारच्या नकाशावरील तळटीप

सोबतच्या नकाशात लोणारचे विवर पूर्व-पश्चिम किंचित लांबट दिसते. हा दोष विवराचा नव्हे, प्रक्षेपणाचा. अक्षांश-रेखांशांच्या चौकटी सारख्या आखल्या की २०° उत्तरेजवळ रेखांशाच्या एका अंशाचे सुमारे १०५ किलोमीटर अक्षांशाच्या ११०.७ किलोमीटरांइतके ताणले जातात. जेमतेम १.८ किलोमीटर व्यासाच्या जागेला प्रक्षेपणाचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण हा ताण जागेच्या विस्तारावर नव्हे, अक्षांशावर ठरतो: विवराला सहा टक्के, तर बुलढाणा जिल्ह्यालाही जवळपास तेवढाच. मर्केटरवर वर्तुळ वर्तुळच राहते खरे, मात्र विषुववृत्ताची मोजपट्टी लावली तर व्यास तितकाच फुगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतील नकाशे यूटीएम प्रक्षेपणावर आहेत. अंतर मोजायचे तर पट्टी त्यांवर लावावी.